एक डोळा लहान

काचेच्या पेटीसमोर चंद्रभान थांबला तो थांबलाच.

"चला की," वामनराव म्हणाले. "अजून निम्मा अजबखाना बघायचा राहिलाय."

"थांबा जराक. आमच्या आईले इथं कोनं आनलं?"

वामनराव अमरावतीचे. कापूस खरेदी करणाऱ्या साहेबाचे कारकून. इंग्रजी येत होतं म्हणून साहेबानं त्यांनाही चंद्रभानसोबत विलायतेला आणलं होतं. परत गेल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागणार, या काळजीनं ते अर्धे झाले होते. त्यांनी वाकून पाहिलं. पेटीत वीतभर लांबीचा काळा गुळगुळीत दगड होता. शेजारी चांदीचे दोन डोळे, एक मोठा आणि एक लहान.

"दगडासारखा दगड आहे. तुमच्याच गावची देवी कशावरून?"

"हे डोळे माह्या बापानं घडवून वाह्यले. चांदी कमी पडली म्हनून एक लहान झाला. बाया म्हनत, आई एका डोळ्यानं हासून रायली."

वामनरावांनी पाटी वाचली. वऱ्हाडातली ग्रामदेवी, बार्शीटाकळीजवळची. जुने दगड जमवणाऱ्या एका साहेबाची भेट.

तो दगड जमवणारा साहेब चंद्रभानला आठवला. शपथेच्या दिवसांत गावाबाहेर आमराईत त्याचा तंबू पडला होता खरा. पण आई इथं, तर गावच्या देवळात शेंदराखाली कोण बसलंय? आणि आपण हात ठेवला तो कशावर? त्याचं डोकंच चालेना.

हात ठेवल्याची गोष्ट अख्ख्या परगण्याला ठाऊक होती. बांधालगतच्या जमिनीच्या पट्टीवरून चंद्रभान आणि त्याचा चुलतभाऊ खुशालराव यांची जुंपली होती. पंचांनी नेहमीचा तोडगा काढला. चंद्रभाननं आईवर हात ठेवून सांगावं, पट्टी कोणाची. खोटं बोलणारा वर्षाच्या आत जातो, अशी आईची ख्याती. रिवाजाप्रमाणे आदल्या सांजेला शपथ घेणाऱ्याच्या घरच्या बाईनं देवीला शेंदराचा ताजा लेप द्यायचा. पार्वताबाईनं लेप तर दिलाच, वर स्वतःच्या पाटल्या मोडून नवे डोळे वाहिले, दोन्ही सारखे. बायको असावी तर अशी, असं गाव म्हणालं.

चंद्रभाननं शपथ घेतली. वर्षभर लोक त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्याला साधी शिंकसुद्धा आली नाही. पट्टी त्याची झाली, खुशालराव लबाड ठरला, आणि त्याच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. पुढे अमेरिकेत लढाई पेटली, कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तीच पट्टी चंद्रभानला पावली. आईनंच कौल दिला म्हटल्यावर आता त्यालाही पट्टी आपलीच वाटू लागली होती.

वऱ्हाडच्या कापसात माती घालतात, पाणी मारतात, अशी विलायतेच्या गिरणीवाल्यांची ओरड होती. त्यांच्यापुढं उभा करायला कापूसवाल्या साहेबाला एक खरा शेतकरी हवा होता. गावानं एकमुखानं चंद्रभानचं नाव घेतलं.

"गावात सांगणार का?" वामनरावांनी विचारलं.

"सांगाच लागन. देवळाची किल्ली नत्थुजी गुरवाकडं रायते. त्यानंच इकली असन."

"मग तुमची शपथ कच्ची ठरते. खुशालराव पुन्हा घ्यायला लावेल. हवं तर अर्ज करू, देवीच परत मागू. खऱ्या माणसाला कसली भीती?"

चंद्रभाननं दुरूनच हात जोडले. पेटीला मात्र हात लावला नाही.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. घरच्या ठेच्याची फार आठवण आली. तसा अलीकडे पार्वताबाईचा ठेचा जाडाभरडाच व्हायचा. नवा वरवंटा त्या जुन्या पाट्याशी काही जुळला नव्हता, आणि जुन्याचं काय झालं ते ती कधी सांगत नसे.

परतीच्या बोटीत तो सारखा एकच विचार करत होता. सांगावं, तर पुन्हा शपथ. न सांगावं, तर सारं गाव कशाच्या तरी पाया पडत राहणार. कधी वाटे, आपण सुटलो. कधी वाटे, आता खरे सापडलो. त्याला काही सुधरत नव्हतं.

घरी पोचला तेव्हा पार्वताबाई पाट्यापाशी मिरच्या वाटत होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि परत वाटायला बसली.

"आपली आई विलायतेत हाय," तो म्हणाला. "काचेच्या पेटीत. म्या या डोळ्यानं पाह्यली. हे त्या नत्थुजीचंच काम. आजच पंचाईले सांगतो."

पार्वताबाईचा हात थांबला नाही.

"गुरवाच्या नावानं खडे फोडू नका. लेपाच्या सांजेला त्या तंबूवाल्या साहेबाले म्याच देली."

"तू? काहून?"

"देवळात आपला जुना वरवंटा हाय, शेंदूर लावलेला. पट्टी खुशालभाऊजीचीच होती, हे मले काय माहीत नोयतं?" तिनं वाटण गोळा करून वाटीत काढलं. "तुमी खोटं बोलनारच होते. अन् मले तुमी जित्ते पाह्यजे होते."