माराकेशचा ग्लास

आसेगावच्या रत्नमालाबाई लेकीसोबत मोरोक्कोतलं माराकेश शहर पाहून आल्या. शेजारच्या प्रयागबाईंच्या ओट्यावर बसून सांगत होत्या, "हॉटेलवाल्यानं दारातच पुदिन्याचा चहा हातात देल्ला. बजारात मसालेवाल्यानं बाजूले बसवलं, सोताच्या ग्लासात चहा पाजला. आडनाव कोनंच नाई इचारलं, काकू!"

प्रयागबाईंनीही चहा आणला. तीस वर्षांपासून फक्त रत्नमालाबाईंसाठी बाहेरच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात.

रत्नमालाबाईंनी कपाला हात लावला नाही. पिशवीतून माराकेशच्या बाजारातला सोनेरी नक्षीचा ग्लास काढला.

"माह्यासाठी आनला का वं?" प्रयागबाई हरखल्या.



"तुमच्याचसाठी, काकू. माह्या घरी बाहेरच्या कोनाड्यात ठेवीन. तुमी आल्या का चहा याच्यातच."