चार मिनिटं न हलता

वादळात तळ्याचे फोटो काढायचे, तर दादा शटर चार मिनिटं उघडं ठेवायचा. तेवढ्या वेळात हलणारं सगळं फोटोतून पुसलं जातं. लाटांचं धुकं होतं, झाडांचा धूर होतो. कॅमेऱ्यावर छत्री धरलेल्या धाकट्या बहिणीची कुरकुर तेवढी पुसली जात नाही.

पहिल्या फोटोत दूरवर, कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस उभा होता. अगदी स्पष्ट. दादाने मान वर करून पाहिलं. तळ्यात कुणीच नव्हतं.

"एवढ्या वाऱ्यात चार मिनिटं न हलता?" बहीण म्हणाली. "दादा, घरी चल."

"तू स्वतःच्या लग्नातही फोटोला एक सेकंद थांबली नाहीस. शीक जरा."

दुसऱ्या फोटोत तो काठाजवळ, घोटाभर पाण्यात होता. तितकाच स्पष्ट.

आता दादालाही विनोद सुचेना. पण तो माणूस कुठवर आलाय, हे फक्त कॅमेऱ्यालाच दिसत होतं. म्हणून दादाने तिसरा फोटो काढला.

तिसऱ्या फोटोत तळं रिकामं होतं.

"गेला बाबा एकदाचा!" दादा म्हणाला.

"मग हात सोड ना माझा," छत्रीखालून बहीण म्हणाली. "किती गार पडलाय!"

दादाचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते.