अमिषाचा राग

सँड्राने अंगणात स्कूटर लावली तेव्हा फिलोमिना ठेवणीतली साडी नेसून दारातच उभी होती. तिच्यामागे इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये अमिषा, तोंड फुगवून.

आईबाप नसलेली काही मुलं निर्मळ गावातल्या घरांनी सांभाळायला घेतली होती; अमिषा फिलोमिनाकडे होती. योजना एका संस्थेची. मुलांनी गावातच वाढायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हातभार लावायचा. हे सगळं कसं चाललंय ते पाहायला संस्थेतर्फे सँड्रा वर्षातून एकदा पापडीहून यायची. गेल्या खेपेला तिला अमिषाची काळजी वाटली होती. मुलगी आपणहून बोलत नव्हती. काय आवडतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, काहीही चालतं. यंदाही तसंच दिसलं तर तिला वसतिगृहात हलवायचं, असं बैठकीत ठरलं होतं. फिलोमिनाला तसं कळवलंही होतं.

त्यामुळे चहा ओतता ओतता फिलोमिना बोलतच राहिली. अमिषा मन लावून अभ्यास करते, रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवत नाही, शेजारचा रॉबर्ट तिला गणित शिकवतो, सगळ्यांशी गोड वागते.

"उलट उत्तर तर कधीच नाही," ती म्हणाली.

"खोटं," अमिषा म्हणाली.

फिलोमिनाचा हात किटलीवरच थांबला.

"आज माझी फुटबॉलची मॅच आहे. आठवडाभर सांगत होते मी हिला. तरी हिने परस्पर सरांना कळवलं, अमिषा येणार नाही म्हणून." ती फिलोमिनाकडे वळली. "मला विचारलंससुद्धा नाहीस, मावशी. मी बोलणारच नाही तुझ्याशी."

मागचं दार आपटून ती वाडीत निघून गेली.

फिलोमिना घाईघाईने सांगू लागली. पोर तशी नाही, तुम्ही येणार होतात म्हणून मीच तिला घरी थांबवलं, चूक माझीच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अहवालात एवढं लिहू नका."

सँड्रा उठून मागे गेली. अमिषा केळींच्या मधल्या बांधावर बसून चपलेने माती उकरत होती. सँड्राही शेजारी बसली. अशी भांडणं नेहमी होतात का, तिने विचारलं. होतात, अमिषाने सांगितलं. केस कापण्यावरून झालं होतं, मोबाइलवरून झालं होतं, एकदा तर बोंबलाच्या कालवणावरून. मावशीही ओरडते. मग दोघी न बोलता जेवतात.

प्रत्येक मुलाला विचारावाच लागणारा एक प्रश्न उरला होता.

"तुला दुसरीकडे कुठे राहायला जायचं आहे का?"

अमिषा तिच्याकडे बघतच राहिली. "भांडण झालं म्हणून कोणी घर सोडून जातं का?"

सँड्राला एकदम हलकं वाटलं. तिने मॅचची वेळ विचारली. स्कूटरने गेलो तर निम्मी तरी मिळेल, असं म्हणाली. अमिषा उठून धावतच घरात गेली.

ती कपडे बदलेपर्यंत फिलोमिना पाण्याची बाटली घेऊन स्कूटरपाशी येऊन उभी राहिली. सँड्राने आपणहून सांगितलं, "लिहिणार आहे मी. सगळं."

फिलोमिनाचा चेहरा उतरला.

"चांगलं म्हणून लिहिणार आहे, आंटी. ती इथेच राहील."

फिलोमिना साडीच्या पदराने बाटली पुसू लागली. बाटली कोरडीच होती, तरी बराच वेळ पुसत राहिली.

बूट घालून अमिषा आली. फिलोमिनाकडे न बघता तिने बाटली घेतली आणि स्कूटरवर मागे बसली. स्कूटर फाटकाबाहेर पडता पडता, मान न वळवता, रागातच ती ओरडली,

"मी येईपर्यंत जेवू नकोस."