आडवा ये ना

गोलकीपरनं उडी मारली ती भलत्याच बाजूला. अश्वजितचा फटका तसा साधाच होता, पण चेंडू जाळ्यात गेला आणि समुद्रपूरच्या मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. बापूराव खुर्चीतून अर्धे उठले, पुन्हा बसले आणि शेजारच्या पाहुण्याच्या तोंडाकडे चोरून पाहू लागले.

पाहुणा म्हणजे ओमप्रकाश सर, नागपूरच्या एका संघाचे प्रशिक्षक. अश्वजितला या मोसमात घ्यायचं की नाही, हे ते आजचा खेळ पाहून ठरवणार होते. बाकी कोणत्याच क्लबातून आता फोन येत नव्हता. आज सर नाही म्हणाले, की बापूरावांच्या पोराचा फुटबॉल संपला.

पाच वर्षांपूर्वी याच मैदानावर त्याला धरायला तीन-तीन जण लागायचे, तरी तो निसटायचा. मग कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबशी करार झाला. एवढा मोठा, की आकडा सांगताना लोक आवाज खाली आणायचे. बसस्टँडवर फलक लागले, तालुकाभर सत्कार झाले. पहिलं वर्ष तो खेळला, दुसऱ्या वर्षी बाकावर बसला, तिसऱ्या वर्षी बाकावरही जागा उरली नाही. कोणी म्हणे गुडघा गेला, कोणी म्हणे पैसा डोक्यात गेला. लोकांचं काय, हार घालायला जे पुढे होते तेच नावं ठेवायलाही पुढे. बापूरावांनी मात्र पोराला एका शब्दानं विचारलं नाही. तो रोज पहाटे मैदानावर जायचा आणि अर्ध्या तासात लंगडत परत यायचा. तेव्हा ते पेपर तोंडासमोर धरून बसायचे, म्हणजे त्याला आपलं तोंड दिसू नये.

म्हणूनच आज सकाळी त्यांनी ते केलं. समोरचा कारंज्याचा संघ गाडीतून उतरला, तसं त्यांनी सगळ्या पोरांना स्टँडवर नेऊन तर्री-पोहे खाऊ घातले. मग कप्तान प्रफुल्लला बाजूला घेतलं. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, सख्ख्या साळ्यालाही कधी फुकट बसू दिलं नाही, त्या माणसानं विशीतल्या पोरापुढे हात जोडले.

"आजच्या दिवस त्याले आडवं नोको जाऊ, बाप्पा."

प्रफुल्लनं घाईनं त्यांचे हात धरले. अश्वजितला पाहून पाहूनच तो खेळायला शिकला होता. त्याला नाही म्हणता आलं नाही, आणि त्यानं आपल्या पोरांनाही तसं सांगून ठेवलं.

दुसरा गोलही पहिल्यासारखाच झाला. अश्वजित चेंडू घेऊन निघाला, की कारंज्याची पोरं वरातीला वाट द्यावी तशी बाजूला होत होती.

"बापूराव," ओमप्रकाश सरांनी विचारलं, "हे पोरं त्याले मार्क काऊन नाई करून राह्यले?"

"भेतात जी त्याले," बापूराव म्हणाले. "पहिलेपासूनच भेतात."

सरांनी हातातला चहा खाली ठेवला.

मध्यंतरानंतर अश्वजितच्याही लक्षात आलं. उभं आयुष्य मैदानात घालवलेल्या माणसाला किती वेळ फसवणार? चेंडू त्याच्या पायात होता, समोर प्रफुल्ल होता, आणि प्रफुल्ल एक पाऊल मागे सरकला. अश्वजित चेंडूवर पाय ठेवून उभा राहिला.

"आडवा ये."

"खेळा ना, दादा."

"आडवा ये ना बे! कोनं सांगतलं तुले?"

प्रफुल्लची नजर खुर्च्यांकडे गेली आणि लगेच खाली वळली. अश्वजितला समजायचं ते समजलं. त्यानं वळून बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बापूरावांनी सोसला असता. राग नव्हता.

"पाया पडतो तुह्या," अश्वजित प्रफुल्लला म्हणाला. "एकदा तरी खरं खेळ. मले पाह्यचं हाये."

आणि तो चेंडू घेऊन सुटला. डावीकडे झुकल्यासारखं करून तो उजवीकडे वळला. एकेकाळी या वळणावर अख्खं मैदान उभं राहायचं. प्रफुल्लनं पाय पुढे केला आणि चेंडू काढून घेतला. धक्कासुद्धा लागला नाही.

प्रफुल्ल चेंडू पायाशी धरून तसाच उभा राहिला. काही फोडून बसल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"पळ ना बे," अश्वजित म्हणाला. "बॉल तुह्या पायात हाये."

प्रफुल्ल पळाला. त्याच्यामागे अश्वजित पळाला, दुखरा पाय ओढत, दात आवळून, होतं नव्हतं ते सगळं लावून. दोघांमधलं अंतर दोन हात होतं, ते पाच झालं, मग दहा. ओमप्रकाश सर उठून उभे राहिले.

आणि बापूराव खुर्ची पाडून मैदानाच्या कडेकडेनं धावत सुटले, सगळ्यांदेखत हात जोडून, ओरडत,

"हळू पळ, बाप्पा! प्रफुल्ल, हळू पळ!"