माहिती सांगणारा : मुलगा

"मी चालले रे," आई म्हणाली, आणि मुलानं तिसऱ्यांदा सिस्टरांच्या टेबलाकडे धाव घेतली.

"ताप नाही त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "लघवीचं इन्फेक्शन आहे, गोळ्या चालू आहेत. उद्या घरी जायचंय."

"हात गार पडलेत. सकाळपासून लघवी नाही. धाप लागलीय. मघाशी मला 'दादा' म्हणाली, तिच्या भावाला म्हणते तसं."

सिस्टर वाईट नव्हत्या. चाळीस खाटा होत्या, त्या दोघीजणी होत्या आणि दुपारच्या ड्युटीची माणसं अजून यायची होती. त्यांनी केसपेपर काढून एका ओळीवर बोट ठेवलं. 'स्वभाव घाबरट. रोज नवी तक्रार असते.' खाली लिहिलं होतं, माहिती सांगणारा : मुलगा.

"तुम्हीच सांगितलंत ना?"

त्यानंच सांगितलं होतं. काल भरती करताना, हसत हसत. घरात आईचं नावच 'बुलेटिन' पडलं होतं. सकाळी चहाबरोबर गुडघ्यापासून सुरुवात, मग कंबर, मग छातीतली धडधड. वीस वर्षं हे बुलेटिन चुकलं नव्हतं आणि वीस वर्षांत आईला काही झालंही नव्हतं. डॉक्टरांचा वेळ जाऊ नये म्हणून त्यानं आधीच सांगून टाकलं. आपण उगाच आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकांतले नाही, हेही त्यांना कळायला हवं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टमधून आवाज येतो असं कुणी म्हणालं, तर स्वतःला ऐकू आला नाही तरी तो खड्ड्यात उतरून बघून यायचा. आईसाठी एवढे कष्ट त्यानं कधी घेतले नव्हते.

"ती ओळ खोडा," तो म्हणाला. "माझं चुकलं."

"लिहिलेलं असं खोडता येत नाही हो. चारला राउंड आहे, तेव्हा डॉक्टरांना सांगा."

आत्ता दीड वाजला होता. तो खाटेशी परतला. आईच्या गुडघ्यांवर जांभळी जाळी उमटली होती.

"आई, नीट सांग, काय होतंय?"

"राहू दे," ती म्हणाली. "तुला कामाला उशीर होईल."

त्याला रडू फुटलं. तेवढ्यात दारातून एक तरुण डॉक्टर आत आल्या. खांद्यावर पिशवी, या वॉर्डातला पहिलाच दिवस, आपलं टेबल कुठलं तेही त्यांना माहीत नव्हतं. तो सरळ त्यांच्या वाटेत उभा राहिला आणि हात जोडले. मग आईच्या खाटेकडे बोट दाखवलं.

त्यांनी पिशवी खाटेवरच ठेवली. "आजी, काय होतंय तुम्हाला?"

"आतून सगळं सुटत चाललंय. मी काही राहत नाही आता."

डॉक्टर हसल्या नाहीत. घड्याळ धरून त्यांनी मिनिटभर श्वास मोजले. रक्तदाब दोनदा घेतला. मग त्यांचा आवाज चढला. सलाइन, रक्ताच्या तपासण्या, शिरेतून अँटिबायोटिक, आयसीयूत खाट, सगळं आत्ताच्या आत्ता. इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. खाट ढकलत नेताना आईचा हात मुलाच्या हातातून सुटला, तो तिनं परत शोधला नाही.

आयसीयूत नऊ दिवस गेले. मूत्रपिंडं दोन वेळा रुसली आणि कशीबशी परत कामाला लागली. दहाव्या दिवशी आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, उशी दगडासारखी आहे, मान गेली माझी. मुलगा बाहेर जाऊन भिंतीला टेकून पोटभर रडला. मग तो त्या डॉक्टरांना शोधत गेला.

"एवढ्या सगळ्यांत तुम्ही एकट्यांनीच तिचं ऐकलंत," तो म्हणाला. "तुमचे उपकार कसे फेडू?"

डॉक्टर ओशाळल्या.

"खरं सांगू का?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी केसपेपर वाचलाच नव्हता."