बोटभर कापड

भर दुपारी घरातले सगळे दिवे चालू होते.

स्वयंपाकघरातला, बाहेरच्या खोलीतला, अगदी न्हाणीघरातलासुद्धा. होस्टेलवरून आलेल्या मुलीनं पाठीवरची सॅक उतरवायच्या आधी सवयीनं जवळचं बटण बंद केलं.

"राहू दे," आई शिलाई मशीनवरून म्हणाली. मान वर केली नाही.

आयुष्यभर माणसांच्या पाठोपाठ फिरून दिवे मालवणारी बाई ती. शेजारपाजारचे तिला उद्याबाई म्हणत. नवा साबण उद्याला, सोनेरी काठाच्या कपबशा उद्याला, कोऱ्या टॉवेलांच्या तर घड्यांवर डाग पडले तरी त्यांचा उद्या उजाडला नव्हता. कपडे शिवायची तेही असेच. शिवणीच्या आत बोटभर कापड सोडायची आणि म्हणायची, अंग भरलं की आण, उसवून देईन.

मुलीनं तोंड धुतलं. साबण नवा होता, टॉवेल कोरा. बाहेर आली तर खुर्चीवरचं प्लास्टिक काढलेलं. लहानपणापासून ती त्या खुर्चीवर बसत होती, पण धुरकट प्लास्टिकखाली ती इतकी पिवळीधमक आहे हे तिला आज कळलं. चहा सोनेरी काठाच्या कपात आला. पाहुणे येणार आहेत का, असं तिनं विचारलं. आई म्हणाली, कुणी नाही, चहा निवतोय. मुलीला भीती वाटली. चांगल्या कपात चहा मिळाला म्हणून कुणी घाबरतं का, असं वाटून स्वतःचं हसूही आलं, पण भीती गेली नाही.

मशीनखालून निळं कापड सरकत होतं. ट्रंकेच्या तळाचं, चांगल्या वेळेसाठी म्हणून तिच्या जन्माआधीपासून ठेवलेलं. दहावी पास झाल्यावर तिनं ते मागितलं होतं, रडलीही होती. मिळालं नव्हतं. आता ते कुणासाठी, हे विचारायचं तिच्या जिवावर आलं.

"सांग," आई म्हणाली. "पेपर कसला आहे?"

हा त्या घरचा रिवाज. परीक्षेआधी मुलीनं धडा आईला समजावून सांगायचा, आईनं शिवता शिवता ऐकायचं. मला कळलं म्हणजे तुला आलं, हा आईचा निकाल. अपूर्णांकापासून पचनसंस्थेपर्यंत सगळं या मशीनवरून गेलं होतं. विद्यापीठात गेल्यावरही मुलगी त्यासाठीच बस पकडून यायची. यंदा स्थूल अर्थशास्त्र होतं, आणि त्यातलं उपभोगाचं प्रकरण तिला काही केल्या पचत नव्हतं.

माणूस खर्च कसा ठरवतो ते यात आहे, असं तिनं सुरू केलं. आई म्हणाली, एवढ्यासाठी विद्यापीठ कशाला, अंथरूण पाहून पाय पसरावे, झालं की. मुलगी म्हणाली, तिथंच तर गंमत आहे. माणूस आजचं अंथरूण बघतच नाही. उरलेल्या सगळ्या रात्रींचं मिळून जे अंथरूण होईल, ते बघून पाय पसरतो. म्हणून पगार झाला त्या दिवशी तो उधळत नाही, आणि नोकरी गेली त्या दिवशी उपाशी राहत नाही. सगळं पुरवून पुरवून वापरतो.

"माझ्यासारखं," आई म्हणाली.

"तुझ्यासारखंच. वर्गात फळाभर आलेख काढणारे आमचे रेघोट्यासर हे शिकवत होते तेव्हा मला तूच दिसत होतीस."

आई हसली. मशीन चालू राहिलं.

"आणि असा माणूस एकाएकी सढळ झाला तर?"

हा प्रश्न दरवर्षी पेपरात येतो, मुलगी म्हणाली, आणि आपल्याला आठवतंय याचाच तिला आनंद झाला. "दोन कारणं. एक तर पुढे मिळकत वाढणार असल्याचं त्याला कळलेलं असतं."

"दुसरं?"

"नाहीतर पुढची वर्षं कमी झालेली असतात. साठवलेलं सगळं थोड्याच दिवसांत वापरायचं, मग रोजचा वाटा वाढतो."

मशीन थांबलं.

"आणि त्यानं कुणाला सांगितलंच नाही तर? दुसऱ्याला कळायचं कसं?"

"सर म्हणतात, विचारायचं नाही. त्याच्या घरात बघायचं."

बोलून झाल्यावर ते तिच्या स्वतःच्या कानावर पडलं. समोर पिवळी खुर्ची होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात दिवा जळत होता.

"आई, शिलाईचे दर वाढवलेस का गं?"

"नाही."

"मोठं काम मिळालंय का कुठलं? शाळेचे गणवेश वगैरे?"

"नाही, बाळा."

आईनं दातानं दोरा तोडला आणि निळा ड्रेस झटकून तिच्यापुढे धरला.

"कळलं मला," ती म्हणाली. "म्हणजे तुला आलं. घे, घालून बघ."

परीक्षेच्या दिवशीच घालीन, मुलगी कशीबशी म्हणाली. आईनं मान हलवली. "आत्ताच घाल. मला बघू दे."

मुलगी आत जाऊन ड्रेस घालून आली. माप कुठंही चुकलं नव्हतं. आईनं तिला खांद्याला धरून सावकाश फिरवलं आणि डोळे भरून बघितलं. मुलीचा हात आपोआप ड्रेसच्या कुशीकडे गेला. शिवणीच्या आत तिनं बोटांनी चाचपलं, मग दुसऱ्या बाजूलाही चाचपलं.

मशीनच्या पायाशी बोटभर रुंदीच्या निळ्या पट्ट्या कापून टाकलेल्या होत्या.