चाकातला दोरा

सकाळीच साफ केलेली ट्रॉली जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा जाम होऊन आली, तेव्हा सुमनच्या डोक्यात तिडीकच गेली. तिनं ट्रॉली आडवी केली, पुढच्या चाकात आकडा घातला आणि ओढला. हातभर दोरा निघाला, पोतं शिवायचा.

"कोणाचे हात शिवशिवतात देव जाणे," ती पुटपुटली.

ट्रॉली ढकलणारा ज्योतीराम शेजारी उभा राहून घाम पुसत होता. तो तिचा नवरा. निघाला ना दोरा, मग झालं तर, असं म्हणून तो ट्रॉली घेऊन स्टोअरकडे गेलासुद्धा.

महाळुंग्याच्या त्या कारखान्यात सुमनचं काम एवढंच होतं. स्टुलावर बसायचं आणि ट्रॉल्यांची चाकं साफ करायची. ही बोटभर चाकं जमिनीवरचं काहीही गिळतात. सुतळी, पॅकिंगची पट्टी, चिकटपट्टी, बायकांचे केससुद्धा. सगळं आत गुंडाळत जातं आणि चाक फिरायचं थांबतं. मग ट्रॉली ढकलायची नसते, फरफटवायची असते.

बाकीच्यांसाठी ही नुसती कटकट होती. ज्योतीरामच्या मात्र जिवाशी गाठ होती. त्याच्या छातीत, हृदयाच्या तुंबलेल्या नळीत, स्प्रिंग बसवलेली होती. वजन ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कंपनीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवला असता. लातूरकडून आलेल्या माणसाला इथं दुसरं कोण विचारतंय? म्हणून सुमन रोज आल्याआल्या आधी त्याची ट्रॉली घ्यायची, चाकात तेल सोडायची आणि बोटानं फिरवून बघायची. चाक गरगर फिरलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

आधी ती प्रेस मशीनवर होती. सगळी शिफ्ट उभ्यानं. पायाच्या शिरा फुगून निळ्या पडल्या, एकदा तर फुटून रक्ताची धार लागली. हे बसायचं काम तिला तेव्हापासून मिळालं. ते तिनं इतकं मन लावून केलं, की मध्ये कितीतरी दिवस एकही ट्रॉली अडली नाही. सुपरवायझर दादासाहेब खूश झाले. असंच राहिलं तर इथं कायमचा माणूस लागायचाच नाही, तुम्हाला परत प्रेसवर घेतो, असं हसत म्हणाले. सुमननं घरी येऊन हे कौतुकानं सांगितलं. ज्योतीराम भाकरी मोडत राहिला.

आणि त्यानंतर हा दोरा सुरू झाला. रोज नाही, पण दोन-चार दिवसांआड. बरं, जमिनीवरचा दोरा चाकात जातो तेव्हा कसाही वेडावाकडा अडकतो. हा नीट वेढे देऊन गुंडाळलेला. आणि दरवेळी ज्योतीरामच्याच ट्रॉलीला. दादासाहेब येता-जाता बघायचे आणि म्हणायचे, सुमनताई, तुमचं काम काही संपत नाही, बसा इथंच.

सुमनचा संशय रविराजवर होता. तोही ट्रॉली ढकलायचा, इथल्याच गावातला पोरगा. त्याला आपल्या मावसभावाला कामाला लावायचं होतं, आणि जागा काही रिकामी होत नव्हती. एकदा सुट्टीत सुमन पाणी भरायला गेली, तर हा ज्योतीरामच्या ट्रॉलीपाशी उकिडवा बसलेला, हात चाकात. तिला बघितल्याबरोबर त्यानं दोरा खिशात कोंबला.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पोरगा चांगला आहे. त्याच्या वाटेला जाऊ नको." सुमनला त्याच्या चांगुलपणाचा असा राग आला, की त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही.

मग तो सोमवार आला. जेवण उरकतंय तोवर घाईचा माल आला. ट्रॉली सुमनकडे आणायला ज्योतीरामला सवडच मिळाली नाही. भरल्या ट्रॉलीचं चाक चढावर अडलं. मागं सरकली असती तर खालच्या माणसांवर गेली असती, म्हणून त्यानं तिला छाती लावली आणि रेटली. वर पोचली. मग तो भिंतीला टेकून बसला, तो पुन्हा उठला नाही.

त्याला गाडीत घालेपर्यंत सुमन त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिची नजर शेजारच्या ट्रॉलीवर गेली. चाकात दोरा होता, नीट वेढे दिलेला.

त्याचं दहावं-तेरावं झालं. भेटायला येणारी माणसं येऊन गेली. सगळ्यांत शेवटी रविराज आला आणि दाराशीच उभा राहिला. सुमननं त्याला बसही म्हटलं नाही. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. भावाच्या नोकरीसाठी माणूस मारलास, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय तुला, तुझं कधी भलं होणार नाही. ती बोलत राहिली. शेवटी तिचा आवाज बसला आणि ती नुसती रडायला लागली.

"बोल ना," ती म्हणाली. "तुझा हात नव्हता त्या चाकात?"

"व्हता," रविराज खाली बघत म्हणाला. "पण मी दोरा काढत व्हतो, वहिनी. गुंडाळायचे ते ज्योतीरामभाऊच, तुमच्यापासनं लपवून. दुसऱ्याच्या ट्रॉलीला लावला तर त्याला जड जाईल, म्हणायचे. आन कुठंच न्हाई लावला, तर सुमनला परत प्रेसवर उभं करतील, म्हणायचे."